फार्मसीची पदवी इथली, परवाना तिथला (आणि उलटंही): नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

धंतोलीत एका मेडिकलच्या काउंटरवर माझी बावीस वर्षं गेली. रात्री साडेआठनंतर दवाखान्यांच्या चिठ्ठ्या कमी होतात आणि मग कोणीतरी प्लास्टिकची फाइल घेऊन येतं. कधी कामठीच्या कॉलेजातला पोरगा, कधी त्याचे वडील, कधी लग्न होऊन टोरंटोला चाललेली मुलगी. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी सल्लागार नाही. कॅनडासाठी स्वतः कागद पाठवले होते, ते मंजूरही झाले, पुढे घरच्या कारणाने गेलो नाही. कागदांच्या बाबतीत मात्र ठेचा भरपूर खाल्ल्या आहेत.

"आपली डिग्री तिकडे चालते" असं सगळे म्हणतात. म्हणजे नक्की काय?

हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कोणाकडे चालते? पुढे शिकायचं असेल तर तिथलं विद्यापीठ पदवी तपासतं. स्थलांतराचे गुण हवे असतील तर मूल्यांकन करणारी संस्था तपासते. पेशंटच्या हातात औषध द्यायचं असेल तर परवाना देणारं मंडळ तपासतं. हे तिघं एकमेकांचं ऐकत नाहीत. विद्यापीठाने तुम्हाला एम.एस.ला आनंदाने प्रवेश दिला म्हणून मंडळ तुम्हाला काउंटरवर उभं करेलच असं नाही.

एक मुलगा मोठ्या आनंदात डब्ल्यूईएसचा, म्हणजे परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या एका संस्थेचा, अहवाल दाखवायला आला होता. अहवालात चूक काहीच नव्हती, फक्त तो त्याच्या कामाचा नव्हता. कॅनडात फार्मासिस्ट म्हणूनच एक्सप्रेस एन्ट्रीचा (गुणांवर चालणाऱ्या स्थलांतराचा) अर्ज करायचा तर शैक्षणिक मूल्यांकन पीईबीसीकडूनच लागतं, म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडून. त्याचे पैसे आणि चार महिने दोन्ही गेले.

चार वर्षांचं बी.फार्म. झालंय. अमेरिकेत फार्मासिस्ट होता येईल?

सरळ उत्तर: 1 जानेवारी 2003 नंतर पदवी घेतली असेल तर त्या पदवीच्या जोरावर नाही.

अमेरिकेत परदेशी पदवीधरांचे कागद एनएबीपी ही संस्था बघते आणि एफपीजीईसी नावाचं प्रमाणपत्र देते. त्यांचा नियम वर्षांचा आहे. त्या तारखेच्या आधी पदवी मिळालेल्यांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम ते धरतात, नंतरच्यांना किमान पाच वर्षांचा लागतो. त्यामुळे एकाच कॉलेजातला 2001 चा विद्यार्थी अर्ज करू शकतो आणि 2004 चा करू शकत नाही. अभ्यास तोच, प्राध्यापक तेच, कॅन्टीनचा चहाही तोच. लोकांना हा अन्याय वाटतो. पण त्याच सुमारास अमेरिकेने स्वतःच्या मुलांसाठीही जुनी बी.एस. पदवी बंद करून फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) सक्तीची केली होती, हेही लक्षात घ्या.

"मग एम.फार्म. केलं तर चार आणि दोन सहा होतात ना?" होतात, पण त्यांच्या हिशोबात नाही. त्यांना व्यवसायाची पहिली पदवी पाच वर्षांची हवी असते, वरून जोडलेली पदव्युत्तर वर्षं धरत नाहीत. हे मी दर महिन्याला एकदा तरी सांगतो आणि समोरच्याचा चेहरा दर वेळी तसाच पडतो.

भारतात 2008 पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. मात्र या अटीत बसतो. त्यामुळे बारावीनंतर ज्यांच्या डोक्यात अमेरिकाच आहे, त्यांचा खरा निर्णय प्रवेशाच्या दिवशीच होतो.

फार्म.डी. झालं. पुढे काय काय असतं?

आधी ईसीई या संस्थेकडून कागदांचं मूल्यांकन, मग एनएबीपीकडे अर्ज, मग एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा आणि इंग्रजीसाठी टोफेल. टोफेलमध्ये आपली मुलं वाचनात आणि ऐकण्यात निघून जातात, अडतात ती बोलण्यात. जुन्या मापावर बोलण्याला 30 पैकी 26 लागायचे, बाकी तिन्ही विभागांपेक्षा जास्त. गोळी कशी घ्यायची हे पेशंटला तोंडानेच सांगायचं असतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतं.

एफपीजीईसी हातात आलं म्हणजे परवाना आला असं नाही. ते राज्याच्या मंडळाच्या दारापर्यंत नेतं. आत गेल्यावर इंटर्न म्हणून तासांची उमेदवारी (बऱ्याच राज्यांत 1500 च्या आसपास), मग नॅप्लेक्स ही परवान्याची परीक्षा आणि बहुतेक ठिकाणी कायद्याची वेगळी परीक्षा. राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून आधी राज्य ठरवा.

बी.फार्म.वाल्यांनी मग कुठे बघावं?

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन. तिन्ही ठिकाणी चार वर्षांच्या पदवीला दार बंद नाही, पण प्रत्येक दार वेगळ्या बाजूला उघडतं.

कॅनडात आधी नॅप्राच्या, म्हणजे तिथल्या फार्मसी नियामकांच्या संघटनेच्या, 'फार्मासिस्ट्स गेटवे' वर नाव नोंदवून एक राष्ट्रीय क्रमांक घ्यायचा. मग पीईबीसी कागद तपासतं. ते पास झाले की इव्हॅल्युएटिंग परीक्षा, म्हणजे तुमचं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे का याची चाचणी. त्यानंतर क्वालिफाइंग परीक्षा दोन भागांत: एक बहुपर्यायी, दुसरी ओएससीई, म्हणजे पेशंटशी बोलून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. शेवटी ज्या प्रांतात राहणार त्या प्रांताचं कॉलेज ऑफ फार्मसिस्ट्स. 'कॉलेज' या शब्दाने फसू नका, तिथे शिकवत नाहीत, तिथे नोंदणी होते. आपल्या स्टेट फार्मसी कौन्सिलसारखंच. प्रत्येक परीक्षेच्या प्रयत्नांना मर्यादा आहे. "बघू या एकदा बसून" म्हणत तयारीशिवाय बसणाऱ्यांनी एक प्रयत्न फुकट घालवू नये.

ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिल ही संस्था आहे. तिथली कॅप्स परीक्षा आता इतिहासजमा झाली, 2025 पासून तिच्या जागी ओप्रा आली. मोठ्या भावाच्या कॅप्सच्या नोट्स घेऊन कोणी बसलं असेल तर आधी नवा आराखडा उघडून बघा. पुढे देखरेखीखाली 1575 तास काम, मग लेखी आणि तोंडी परीक्षा.

ब्रिटनमध्ये तुम्हाला परत वर्गात बसवतात. जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या अटींत बसलात की एखाद्या विद्यापीठात परदेशी फार्मासिस्टांसाठीचा एक वर्षाचा ओस्पॅप अभ्यासक्रम, मग 52 आठवड्यांचं प्रशिक्षण, मग नोंदणी परीक्षा. आयईएलटीएसमध्ये चारही विभागांत 7 हवेत, एकातही साडेसहा चालत नाही. खर्चाच्या बाजूने सगळ्यात आधी खिसा हलका होतो तो इथे, कारण वर्षभराची विद्यापीठाची फी आणि लंडनकडचं भाडं हे परवाना मिळण्याआधीच भरायचं असतं.

डी.फार्म.वर बाहेर फार्मासिस्ट होता येतं का?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात नाही. दोन वर्षांच्या पदविकेवर भारतात नोंदणी होऊ शकते, तिथे ती पुरत नाही. पुढे बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तो घ्या आणि मग बोलू.

दुबई, सौदीचं काय? तिथे सोपं आहे म्हणतात.

परीक्षा त्या मानाने छोटी आहे. सोपं मात्र नाही, कारण तिथे तुमचा भूतकाळ तपासतात.

दुबईत डीएचए, अबूधाबीत डीओएच, सौदीत एससीएफएचएस अशी परवाना देणारी वेगवेगळी खाती आहेत. परीक्षा बहुतेक प्रोमेट्रिक या कंपनीच्या परीक्षा केंद्रांवर होते. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे डेटाफ्लो या कंपनीची कागदपत्रांची पडताळणी असते. डेटाफ्लो तुमच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाही. पदवी दिली त्या विद्यापीठाला, नोंदणी केली त्या कौन्सिलला आणि अनुभवाचं पत्र दिलं त्या मालकाला थेट विचारतात, "हे तुम्हीच दिलंय ना?"

आता आपल्याकडचं उघड गुपित बोलू. विदर्भात कित्येक फार्मासिस्टांचं सर्टिफिकेट भाड्याने लागलेलं असतं. पोरगा पुण्यात कंपनीत नोकरी करतो, आणि त्याचं प्रमाणपत्र वर्ध्याच्या किंवा उमरेडच्या एखाद्या दुकानात काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं असतं. दुकानाचा फॉर्म 20 आणि 21 चा परवाना त्याच्या नावावर चालतो, महिन्याला काही हजार घरी येतात. बेकायदा तर ते आहेच. पण दहा वर्षांनी रियाधच्या अर्जात त्याची फळं दिसतात. अनुभव म्हणून पुण्याची कंपनी दाखवली तर त्याच काळात अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदीत तो उमरेडला पूर्ण वेळ उभा आहे. उमरेडचं दुकान दाखवलं तर भविष्यनिर्वाह निधीचा हिशोब पुण्याचा निघतो. दोन्ही खरं असू शकत नाही. पडताळणीचा अहवाल एकदा उलटा आला की तो दुसऱ्या खात्याकडेही तुमच्या मागे येतो.

माझ्याकडे असा एक जण आला होता. हुशार, मेहनती. "काका, सगळेच करतात," म्हणाला. करतात खरं. पण सगळ्यांचा डेटाफ्लो होत नाही.

कागद कोणते जमवायचे? सुरुवात कुठून करू?

परीक्षेच्या पुस्तकांपासून नको. सुरुवात विद्यापीठाच्या परीक्षा भवनापासून करा.

सगळ्यात आधी पदवी प्रमाणपत्र. निम्म्या लोकांकडे फक्त तात्पुरतं प्रमाणपत्र असतं, कारण दीक्षांत समारंभाचा फॉर्म भरायचा राहून गेला. "नोकरीत कधी कोणी मागितलंच नाही." खरंय, पण इथे मागतात.

दुसरं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र असलेला विद्यापीठाचा उतारा. बहुतेक मंडळांना तो विद्यापीठाकडून थेट किंवा बंद पाकिटात हवा असतो, तोंडावर शिक्का आणि सही असलेला. तिसरं, प्रत्येक विषयाचे थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास दाखवणारा अभ्यासक्रम, तोही तुमच्या वर्षाचा. आत्ताचा नवा अभ्यासक्रम डाउनलोड करून जोडला तर गुणपत्रिकेवरचे विषय जुळणार नाहीत. जुना अभ्यासक्रम कॉलेजच्या ग्रंथालयात सापडतो, किंवा एखाद्या निवृत्त सरांच्या घरी. माझा सरांकडे सापडला, वरच्या फळीवर, दिवाळी अंकांच्या खाली.

आणि चौथं, नाव. त्यासाठी वेगळा प्रश्न करतो.

गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं आहे. चालेल?

आपल्याकडे आडनाव पुढे. समजा गुणपत्रिकेवर 'वानखेडे प्राजक्ता सुनील' आहे आणि आईच्या नावाचा वेगळा रकाना आहे. पासपोर्टवर नाव 'प्राजक्ता सुनील', आडनाव 'वानखेडे'. तिकडच्या कारकुनाला वाटतं, हिचं नाव वानखेडे आणि आडनाव सुनील. त्यात लग्न झालं: प्राजक्ता रोहित ठाकरे. आता एकाच मुलीच्या फाइलमध्ये तीन बाया आहेत.

यावर उपाय असा की अर्ज भरायच्या आधीच पासपोर्टवरचं नाव शेवटचं ठरवून टाका आणि सगळे अर्ज त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने करा. विवाह नोंदणीचा दाखला जोडा. नाव सरळ बदलूनच घेतलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी लागते. स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी ते बघतही नाहीत. कौन्सिलच्या नोंदणीतलं नावही त्याच वेळी दुरुस्त करा, नाहीतर त्यांच्याकडून जाणारं पत्र जुन्या नावाने जातं आणि फाइल पुन्हा अडते. परीक्षेच्या दिवशी तर केंद्रावर ओळखपत्राचं नाव अक्षर अन् अक्षर जुळावं लागतं.

लग्न ठरलेल्या मुलींना मी एवढंच सांगतो: नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण अर्जाच्या मध्यात बदलू नका.

महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलची नोंदणी नूतनीकरण केलेली नाही. त्याने फरक पडतो?

पडतो. जवळपास सगळी मंडळं विचारतात की तुम्ही स्वतःच्या देशात नोंदणीकृत फार्मासिस्ट आहात का आणि तुमच्यावर कारवाई तर झालेली नाही ना. ते 'गुड स्टँडिंग'चं पत्र मुंबईहून कौन्सिलकडूनच जातं. नोंदणी थकलेली असेल तर आधी ती चालू करा. गुड स्टँडिंग फार लवकरही काढू नका, त्याला मुदत असते आणि अर्ज जायच्या आत ते शिळं होतं.

छिंदवाडा, बालाघाटहून नागपुरात शिकलेल्यांनी बघावं की नोंदणी नेमकी कोणत्या राज्यात आहे. कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता त्या राज्याच्या नोंदवहीत नाव असतं, शिकलात त्या राज्याच्या नाही.

परीक्षा कितपत अवघड? आपलं पाठांतर चांगलं असतं.

पाठांतराने अर्धी गाडी जाते. बाकी अर्धी अडते ती नावांवर आणि बोलण्यावर.

नावांचं बघा. काउंटरवर आपण ब्रँड बोलतो. गिऱ्हाईक रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा पुढे करतं, "भाऊ, हेच द्या," आणि आपण देतो. परीक्षेत ब्रँड नसतो. शिवाय अमेरिकेतली जेनेरिक नावंही वेगळी: आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिकडे ग्लायब्युराइड, रिफाम्पिसिन तिकडे रिफाम्पिन, ॲड्रिनॅलिन तिकडे एपिनेफ्रिन. औषध माहीत असूनही प्रश्न चुकतो.

आणि ओएससीई. एका खोलीत पेशंटची भूमिका करणारा माणूस बसलेला असतो, बाजूला परीक्षक. मोजकी मिनिटं. तो म्हणतो, "मला हे खोकल्याचं औषध हवंय." आपला हात सवयीने शेल्फकडे जातो. तिथे आधी विचारायचं असतं: कोणासाठी, किती दिवसांपासून, दुसरं काय चालू आहे, ॲलर्जी, रक्तदाब. मग द्यायचं, किंवा न देता डॉक्टरकडे पाठवायचं. बावीस वर्षांत दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं केलेल्या माणसालाही हे जमेलच असं नाही. मी घरी आरशासमोर सराव केला तेव्हा पहिल्या वाक्यातच "जेवल्यावर एक-एक" निघून गेलं होतं.

कन्सल्टन्सीला पैसे द्यावेत का?

अर्ज भरायला मदत हवी, इंग्रजीचा क्लास हवा, तर जरूर द्या. "परवान्याची गॅरंटी" साठी देऊ नका, कारण परवाना त्यांच्या हातात नसतो. 2003 चा नियम माहीत असूनही बी.फार्म.च्या पोरांकडून अमेरिकेच्या फाइलचे पैसे घेतलेले मी पाहिलेत. मंडळाच्या संकेतस्थळावर पात्रतेचं पान फुकट असतं. ते स्वतः वाचा, शंका असेल तर त्यांना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

उलटा प्रश्न: मुलगी अमेरिकेतून फार्म.डी. होऊन परत आली. आमचं स्वतःचं मेडिकल आहे. ती लगेच काउंटरवर बसू शकते का?

दुकानाची मालकीण लगेच होऊ शकते. औषधं देणारी फार्मासिस्ट नाही.

हा प्रश्न येतो तेव्हा वडिलांचा सूर असा असतो, की एवढी अमेरिकेची डिग्री आणि इथे अडवणार? पण तिथे आपल्या पदवीला जसं विचारतात, तसंच इथे तिच्या पदवीला विचारतात. फार्मसी कायदा 1948 चा. त्याच्या कलम 14 प्रमाणे परदेशातल्या पदवीतून पुरेसं ज्ञान आणि कौशल्य मिळतं असं फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाला पटलं, तर ती पदवी नोंदणीसाठी मान्य होते. त्याच कलमात एक अट आहे: अर्जदार भारताचा नागरिक नसेल, तर ज्या देशाने पदवी दिली त्या देशात भारतीय वंशाच्या पदवीधरांनाही व्यवसाय करू देतात का, हे बघितलं जातं. म्हणून मुलीने तिकडे नागरिकत्व घेतलंय का, हा मी पहिला प्रश्न विचारतो. लोकांना वाटतं मी चौकशा करतोय.

दिल्लीहून मान्यता झाली की मग राज्य कौन्सिलकडे नोंदणी. तोपर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं देण्याची मुभा नाही, कलम 42 त्यासाठीच आहे. दुकान चालवायचंच असेल तर दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट ठेवा, आणि तो खरोखर दुकानात उभा असू द्या. वर उमरेडची गोष्ट सांगितलीच आहे.

परदेशातून परतलेल्या डॉक्टरांना एफएमजीई द्यावी लागते, ती फार्मासिस्टांची परीक्षा नाही. दोन्हींची गल्लत होते.

यूजीसी किंवा एआययूचं (भारतीय विद्यापीठांच्या संघाचं) समकक्षता प्रमाणपत्र घेतलं तर काम होईल ना?

शिकवायचं किंवा पीएच.डी. करायची असेल तर ते प्रमाणपत्र लोक पुढे करतात. नोंदणीला ते पुरत नाही. यूजीसीने 2025 मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम आणले, त्यात वैद्यक, फार्मसी, नर्सिंग, कायदा, वास्तुशास्त्र असे ज्यांना स्वतंत्र परिषदा आहेत ते अभ्यासक्रम बाजूला ठेवले आहेत.

मला काउंटरवर उभंच राहायचं नाही. परवाना लागेल का?

औषध कंपनीत क्यूए (गुणवत्तेची तपासणी), रेग्युलेटरी (सरकारी मंजुऱ्यांचं काम), फार्माकोव्हिजिलन्स (दुष्परिणामांवर लक्ष) अशा कामांना सहसा नाही. हे आधी ठरवलं तर वरची निम्मी यादी वाचायची गरज उरत नाही.

ट्रान्सक्रिप्टचं बंद पाकीट घरी आलंय. आत बरोबर आहे का ते उघडून बघू?

नका. माझं पाकीट बाबांनी उघडलं होतं, पोराचे मार्क बघायला. सगळे विषय नीट वाचले, पाकीट फेव्हिकॉलने पुन्हा चिकटवून दिलं आणि वर म्हणाले, "फिजिऑलॉजीत कमी कसे?" मी पुन्हा परीक्षा भवनाच्या रांगेत. आता विद्यापीठातून काढताना मी सगळ्यांना दोन प्रती काढायला सांगतो, एक बंद आणि एक घरच्यांसाठी उघडी.